पंख्याची दोरी आणि उखा आप्पा

उखा आप्पांचा उजवा पाय कधी स्वस्थ नसे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी तो एका लयीत पुढे-मागे होई आणि शेजाऱ्याची पत्रावळ हळूहळू दूर सरके. कारण साधे होते. तालुक्याच्या कचेरीत मामलेदारांच्या डोक्यावर आढ्याला टांगलेला कापडी पंखा आप्पा तीस वर्षे ओढत होते. भिंतीतल्या भोकातून बाहेर काढलेली त्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ते ओसरीत बसत. शिक्षक होण्यापूर्वी मी त्याच कचेरीत नक्कल-कारकून होतो आणि माझे टेबल त्या भोकाशेजारी होते.

साम्राज्यांच्या ऱ्हासाची पाच कारणे मी शाळेत पाठ केली होती. आप्पांना एकच ठाऊक होते. पूर्वी पंख्याची झालर दर वर्षी जिल्ह्याहून नवी येई. महायुद्धात ती येईनाशी झाली आणि आप्पांनी जुनीला गोणपाटाचे ठिगळ लावले. त्या दिवशी ते मला म्हणाले, "भाऊ, सायेबना डोकावर गोणपाट उनं. आते हाई राज काही टिकत नही." मी हसलो. पुढे राज्य खरोखरच गेले, तेव्हा आप्पांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिले.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नवे मामलेदार आले. तरुण, खादीधारी, तत्त्वाचे पक्के. पहिल्याच दिवशी त्यांनी उभे राहून जाहीर केले, "माणसाच्या पायाने साहेबाला वारा घालणे ही गुलामीची खूण आहे. पंखा आजपासून बंद. आप्पा, तुम्ही मुक्त झालात."

आम्ही टाळ्या वाजवल्या. आप्पांनी अंगठ्याची दोरी सोडली.

"ते बेस व्हयनं, रावसाहेब. पन मन्हा घरमा पाच तोंडे शेतस. त्या बी मुक्त व्हयनात का?"

या प्रश्नाचा विचार रावसाहेबांनी केलेला नव्हता. तो करण्यासाठी त्यांनी मुदत मागून घेतली. आप्पा मात्र रोज आपल्या गावाहून, कोरीटहून, चालत येत, कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली बसत आणि पाय हलवत राहत.

वैशाख तापला. घाम हुकुमांवर टपके, शाई पसरे आणि एकेक नक्कल मला तीन-तीनदा करावी लागे. रावसाहेब उजव्या हाताने फायलीचा वारा घेत. त्यामुळे सही करायला तो हात मोकळा नसे. पंखा थांबल्यापासून चौथ्या दिवशी लाकडी कठड्यापलीकडे सकाळपासून ताटकळणारी एक म्हातारी भोवळ येऊन मटकन खाली बसली. रावसाहेबांनी आप्पांना आत बोलावले.

"आप्पा, दोरी धरा," ते टेबलाकडे पाहत म्हणाले. "तूर्त."

"धरस ना. पन टेबल वारा आडावस, ते एक हात मांगे सरकाडा. मंग वारा लोकेस्ले बी लागी."

घरातली पाच तोंडे ज्या दोरीवर अवलंबून, ती परत मिळत असताना हा गृहस्थ अट घालत होता.

"आणि नाही सरकवलं तर?"

"ते मी लिंबडाखाले बठस. राज गयं, रावसाहेब. उन्हाया नही गया."

रावसाहेब उठले आणि त्यांनी स्वतःच टेबलाची एक बाजू धरली. दुसरी मी धरली. आप्पांनी दोरी अंगठ्याला बांधली, गोणपाटाची झालर हलली आणि कठड्यापलीकडून म्हातारीचा आवाज आला, "जराखा जोरमा वढ ना रे, भाऊ."

तीस वर्षांत असा हुकूम साहेबाखेरीज त्यांना कोणी दिला नव्हता. आप्पांनी तो पाळला.

आप्पा गेल्यानंतर काही वर्षांनी मी कामासाठी त्या कचेरीत गेलो. छताला विजेचा पंखा होता. टेबल आम्ही सरकवले होते तिथेच उभे होते आणि त्याच्यापुढे फरशीवर जुन्या जागेचे खळगे दिसत होते. मी वाकून हाताने अंतर मोजले. एक हात आणि चार बोटे भरले.

आप्पांनी एकच हात मागितला होता.