ज्योतीरामला काढा

पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर बावीस वर्षं बसून ज्योतीरामचे कान गेले होते, आणि भोसरीच्या त्या शेडमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. कसं असणार? पाच प्रेस धडाधड चालू झाल्या की तिथं सगळेच बहिरे. बोलायचं ते हातवारे करून आणि ओठ हलवून. त्यात आमचा ज्योतीराम पटाईत. दहा फुटांवरून कोण चहा मागतंय आणि कोण शिवी घालतंय, हे तो बिनचूक ओळखायचा. औशाकडून आलेला हा गडी घरी बायकोचेही ओठच वाचत होता. ती, रुक्मिणीबाई, सोडली तर त्याचं गुपित कुणाला ठाऊक नव्हतं. ऐकू येत नसलेल्या माणसाला प्रेसवर ठेवत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मग कोरोना आला. लॉकडाऊन उठून शेड उघडली, तेव्हा अठरापैकी अकराच जणांना बोलावणं आलं. त्या अकरांत आपण आहोत याचा आनंद त्याला एक दिवससुद्धा टिकवता आला नाही, कारण सगळ्यांची तोंडं मास्कआड गेली होती. दिसायचे ते नुसते डोळे. डोळे बारीक झाले की माणूस हसतोय एवढं कळायचं, पण कशाला हसतोय? आपल्यालाच ना? त्याच्या मनात संशयानं घर केलं.

सुपरवायझर रविराज जवळ येऊन काहीबाही विचारायचा. ज्योतीराम अंदाजानं मान डोलवायचा. मंगळवारी अशीच एकदा जोरात डोलावली, तर रविराज दोन पावलं मागं सरकला. त्यानंतर जो तो त्याच्यापासून लांबूनच जाऊ लागला. चहाचा कप हातात द्यायचा सोडून स्टुलावर ठेवला जाऊ लागला. दोघं कुठं बोलत उभे असले की हमखास एकाची नजर त्याच्याकडे वळायची. यांचं काहीतरी शिजतंय, हे त्यानं ओळखलं. कानांची बातमी फुटली असणार. कुणी फोडली असेल? त्या रात्री त्यानं बिचाऱ्या रुक्मिणीबाईलाही सोडलं नाही. "तूच कुठं बोललीस का?" म्हणून तिला चांगलंच फैलावर घेतलं.

बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रेस बंद होत्या. मालक मारुतराव आणि रविराज दारात उभे राहून त्याच्याकडेच बघत होते. घाम पुसायला रविराजनं मास्क हनुवटीवर घेतला. ओठ दिसले, आणि उजव्या कानात उरलासुरला आवाजही पोचला. दोन्ही मिळून वाक्य लख्ख जुळलं.

"ज्योतीरामला काढा..."

आणि मास्क वर गेला.

पुढचं ऐकायची गरजच काय होती? ज्योतीरामचं डोकं भणाणलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आता कोण कामावर घेणार? डबा तसाच टाकून तो तरातरा दारात गेला. मालकांच्या पत्नी विमलबाई किटली घेऊन मधे आल्या, त्यांनाही त्यानं हातानं बाजूला केलं.

"कान गेले म्हणून काढायलाव का मला?" तो ओरडला. स्वतःचा आवाज केवढा मोठा लागलाय हे त्याला कळत नव्हतं. "कुनी नेले कान? तुमच्याच प्रेसनं नेले ना, मालक! बावीस वर्षं बसलो मी तिथं!"

आठ-दहा डोळ्यांच्या जोड्या त्याच्यावर खिळल्या. विमलबाईंनी किटलीतून पेला भरला आणि त्याच्या नाकासमोर धरला. आलं, मिरी, तुळस. पेला हातात घेताना तो वास आत गेला आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. रविराजनंही मास्क पुरता खाली ओढला.

"काका, ज्योतीरामला काढा द्या आधी, असं म्हणालो मी! काल तुम्हाला विचारलं, ताप आहे का, तर तुम्ही हो म्हणालात!"

म्हणजे इथं कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. चार लोकांत आपल्याच तोंडानं त्यानं आपलं बिंग फोडलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मारुतराव रविराजच्या कानाशी लागले. मालकाचा मास्क बराच वेळ हलत राहिला, आणि या खेपेला मात्र ते खरोखरच ज्योतीरामच्या कानांबद्दल बोलत होते.

"मालक," ज्योतीराम म्हणाला, "माझंच बोलायलाव ना? मग तोंड उघडं करा. मला दिसू द्या."

मारुतरावांनी मास्क काढला. त्यांचा चेहरा पडला होता. "उद्या ये," ते सावकाश म्हणाले. "पयलं तुझं कान दावू डॉक्टरला. मंग बघू कुठं बसवायचं त्ये. काढत न्हाई तुला."

ज्योतीरामनं एकेक शब्द वाचला. त्याचा विश्वास बसला नाही. समजलं नाही तरी मान डोलवायची, कुणाला परत विचारायचं नाही, यातच त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्यानं पेला खाली ठेवला आणि मालकाच्या ओठांवर नजर रोखली.

"परत म्हना," तो म्हणाला.