पायाळूचे हात

कुणाच्या अंगाला हात लावण्याआधी ती दोन्ही तळवे स्वतःच्या गालांना लावून बघायची. मग विचारायची, "हात थंडे तं नाई ना, काकू?" आणि हा प्रश्न वर्ध्याच्या मे महिन्यात! कूलर गरम हवा फेकतोय, नळाच्या पाण्याने बोटं पोळताहेत, आणि हिला आपले हात थंड असल्याची काळजी. मी म्हणायची, "अवं, थंडे असन तं उपकारच होतीन माह्यावर." ती हसायची नाही. पुन्हा एकदा गालांना लावून बघायची.

सिंदी मेघेत माझ्या किराणा दुकानासमोरच्या घराची खालची खोली तिने भाड्याने घेतली होती. दारावर 'मसाज थेरपी' अशी पाटी लावली. मसाज म्हटलं की लोकांच्या नजरा कशा फिरतात हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून खालचं 'फक्त महिलांसाठी' तिने पेंटरकडून वरच्या अक्षरांपेक्षा मोठं काढून घेतलं होतं. लांबून पाहणाऱ्याला तेवढंच दिसायचं. एक बाई तर आत ब्लाउज शिवायला टाकायचे म्हणून कापड घेऊन गेली होती.

पोती आणि तेलाचे डबे उचलून माझा उजवा खांदा कामातून गेला होता, त्यामुळे तिची पहिली गिऱ्हाईक मीच. हात तिचे फार चांगले. दुखतंय ती जागा मी सांगायच्या आधी तिला सापडायची. तिथे अंगठा ठेवून ती थांबायची, घाई म्हणून नाही. पण उठून बसले की लगेच सुरू. "बरं वाटलं का? खरं सांगा. मन राखू नका."

"वाटलं ना, बाई."

"नाई, तुमी मन राखून राह्यल्या."

तेवढ्यावर भागायचं नाही. संध्याकाळी दुकानात यायची, मिठाचा पुडा मागायची आणि जाता जाता खांद्याची चौकशी करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ. तिच्या घरी मिठाचा डोंगर झाला असणार. एकदा वैतागून विचारलं, "अवं, नागपूरले शिकून आली, तिथं सेंटरमधी इतके वर्षं काम केलं, मंग भेव कायचं?"

"तिथं मॅडमचं नाव होतं, काकू. माहे हात बिनधास्त चालत. इथं हात ठेवला का डोक्यात सुरू होते, हे तुहं आहे का खरंच?"

तिच्या या बोलण्याचा अर्थ मला फार नंतर कळला. ती पायाळू होती. जन्मताना डोक्याआधी पाय आलेली. अशा माणसाने कमरेला पाय लावला की भरलेली चमक निघून जाते, हे आपल्याकडे आजही मानतात. ती मूळची जवळच्या आंजी गावची. लहानपणी सकाळी शाळेआधी अंगणात कुणी ना कुणी पालथं पडलेलं असायचं. आई हिला दोन्ही बगलांत धरून उचलायची, त्या माणसाच्या पाठीला हिचा डावा पाय टेकवायची, आणि हिच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. वडील रोज विहारात जाणारे, या गोष्टीचा त्यांना भयंकर राग. "मानसाले पाय लावाचा नसते, आन् लावून कोनी बरं होत नसते," असं म्हणायचे. म्हणून हे सगळं ते शेतावर गेल्यावर चालायचं. लोक मात्र बरे व्हायचे, निदान तसं सांगायचे. या पोरीला लहानपणीच प्रश्न पडला की यात आपण काय केलं. त्या पायापासून सुटायला ती हात शिकली होती.

दोन वर्षं धंदा बेताचा चालला. मग आंजीची एक बाई कंबर धरून आली, हिला पाहिलं आणि ओरडली, "अवं, तू थे पायाळू पोरगी नव्हं?"

झालं. तिथून जी रीघ लागली! एसटीने येत, ऑटो करून येत. वेळ घेऊन यायचं असतं हे कोण ऐकतो? माझ्या दुकानाच्या पायरीवर बायका बसायच्या, कुणी नवऱ्यालाही आणायची आणि पाटीकडे बोट दाखवून मी त्याला परत पाठवायची. तिच्यापुढे ठेवायला नारळाची मागणी अशी वाढली की मी पोतंच आणून ठेवलं. दुपारी ही ते नारळ परत आणून काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, "काकू, हे नका ना विकू या बायायले."

पाय लावायला ती साफ नकार द्यायची. बाईला झोपवायची, तासभर हातांनी काम करायची. बाई बरी होऊन उठायची आणि बाहेर येऊन पायरीवरच्या बायकांना सांगायची, "पायाळूचं अंग हाय वं. हात लावला तरी गुण येते."

मी हे ऐकून हसायची. आत तिला ऐकू जायचं आणि तिच्या जिवाचं पाणी व्हायचं. जितक्या बाया बऱ्या होत होत्या तितकी ती खचत होती. अंगठे सुजले, दुपारचं जेवण सुटलं, फोन वाजला की दचकायची. मी म्हणे, "चार दिवस बंद ठेव." तर म्हणायची, "बंद केल्यावर मनतीन, पायाचा गुण गेला." आता तिने "खरं सांगा" विचारणंही सोडलं होतं. मिठाला येईना. मला ते जास्त लागलं.

मग आंजीचीच एक म्हातारी आली, एकटी, बसने. हिने पाठीवर हात फिरवला आणि मला हाक मारली. "काकू, तुमी सांगा हिले. हे नस भरल्याचं नाई, मनक्याचं हाय. दाबलं तं वाईट होईन. हिनं दवाखान्यात जाऊन फोटो काढला पायजे." मी समजावलं. म्हातारी रडायला लागली. "माय, येवढ्या दुरून आली. एक डाव पाय लाव."

कितीतरी वेळ ती नाहीच म्हणत होती. शेवटी थकली. "पाय लागला का सरळ दवाखान्यात जाजो, आजी. जाशीन ना?" म्हातारीने गळ्याची शपथ घेतली. हिने डोळे मिटून तिच्या पाठीला डावा पाय नुसता टेकवला.

म्हातारी ताडकन उठली, बरं वाटलं म्हणाली, आणि दवाखान्याच्या समोरून बस धरून घरी गेली. आठवड्यात पाण्याचा हंडा उचलताना बसली ती उठलीच नाही. मणका खचला होता, पायांतली ताकद गेली होती.

कुणी हिला बोल लावला असता तर बरं झालं असतं. म्हातारीचा मुलगा येऊन पाया पडला. "तुमी पाय लावला मनून येवढ्यावर निभावलं, ताई."

त्या संध्याकाळी ती माझ्या दुकानात तांदळाच्या पोत्यावर बसून राहिली. मी म्हटलं, "तुह्या हाताले तं बरोबर कळलं होतं ना?"

"कळलं होतं, काकू. मनूनच पाय लावाचा नव्हता."

महिनाअखेरीस तिने खोली सोडली. खोलीत आता शिकवणीची पोरं ओरडत असतात. पायरीवर कुणी आलंच तर मीच सांगते, गावी गेली म्हणून.

हिवाळ्यात खांदा फारच धरला, तेव्हा आंजीला जाऊन आले. ती आईकडे राहत होती आणि रोज सकाळी त्या म्हातारीकडे जात होती, मी गेले त्या सकाळीही. मी म्हातारीच्या दाराशी उभी राहिले. तिने वाटीतलं तेल घेतलं, तळवे एकमेकांवर घासले, गालांना लावून पाहिले. मग म्हातारीचे पाय चोळत राहिली, पोटऱ्या, घोटे, एकेक बोट. फार दिवसांनी तिच्या तोंडून ते ऐकलं.

"बरं वाटलं का, आजी? खरं सांग."

म्हातारीने जरा विचार केला. "नाई वाटलं, माय," ती म्हणाली. "पन उद्या येजो."

मला वाटलं, आता हिचा चेहरा पडणार. तिने म्हातारीचं लुगडं पायांवर नीट ओढलं, वाटी उचलली.

"येतो," म्हणाली.