चुन्याचा पंजा

पालीच्या अलीकडच्या फाट्यावर कोल्हापूरची एसटी थांबली तेव्हा बा माझ्यापासून चार हात लांब उभा होता. माझी पिशवी त्यानेच आत टाकली, म्हणजे मी चढेनच. तेवढ्यात डोक्यावरून पंखांचा घर्र घर्र आवाज करत ककणेराचा नर गेला, चोचीत उंबर धरून, आमच्या वाडीकडे. बाने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "आता चुन्याला हात लावू नको," एवढंच बोलला. पाच वर्षं झाली, लावलेला नाही.

तुम्ही जे वाडीत राहिलात आणि जे कोळशाच्या भट्ट्यांवर पांगलात, तुम्हाला हे ठाऊक आहे. पण तुमची पोरं विचारतील, म्हणून पहिल्यापासून लिहिते. आपण कातकरी. पुस्तकात ज्याला धनेश म्हणतात, तो आपला ककणेर. थंडी सरली की त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. आत तिची पिसं झडतात. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून भरवतो. "आत बाळंतीण हाय," बा म्हणायचा, आणि तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा एका बोटाचा ठिपका खोडावर लावायचा. मग वाडीतलं कुणी त्या झाडाला कोयता लावत नसे, झाडाखाली मोठ्याने बोलत नसे. बाळंतीणही आपल्याला जंगलाची खबर द्यायची. ढोलीखाली पडलेल्या बिया चिवडून बा सांगायचा, कुठल्या अंगाला काय पिकलंय. काजऱ्याच्या बिया दिसल्या की मला दटावायचा, "ह्ये तिचं जेवाण, आपलं इख."

त्या वर्षी मालकाने जंगल तोडीला दिलं. दुसरं काम नव्हतं, म्हणून बाही तोडीवर गेला. बाहेरून मजूर आले, त्यांचे कटर आले. पोकळ बेहड्यात बाळंतीण बसली होती आणि बाने ठिपका लावलेला होता, पण जेमतेम मुगाएवढा. परक्या माणसांना तो दिसणार कसा? मी शहाणी. वाटीभर चुना कालवला आणि अख्खा पंजा खोडावर उमटवला. एकदा नाही, चारी अंगांनी.

मुकादम तोडायच्या झाडांना चुना मारत होता. हे बाला ठाऊक होतं, म्हणून तर त्याचा ठिपका मुगाएवढा होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. पोकळ बेहडा कुणाच्याच कामाचा नव्हता, तो उभाच राहिला असता.

जेवणाच्या सुट्टीआधी झाड पडलं. बा लांबून धावत आला. ढोली फुटून बाळंतीण बाहेर पडली होती, जिवंत. बिनपिसांचे पंख आपटत ती मातीत गोल गोल फिरत होती आणि मजूर हसत होते. एकाने काठीने तिला उलटी केली. पिल्लं खोडाखाली गेली होती. बाने तिची मान मुरगळली. मग खोडावरचा पंजा पाहिला, माझा हात धरून त्यावर ठेवला. बरोबर बसला.

मारलेलं टाकायचं नाही आणि ज्याने मारलं त्याने आधी खायचं, हा आपला नियम. बाने ती शिजवली, ताटली माझ्यापुढे सरकवली. "खा. तुझी शिकार हाय." मी रडत होते. तो म्हणाला, "मीठ कमी हाय काय?" मी सगळं खाल्लं. आठ दिवस नर त्या आडव्या झाडाशी येत राहिला आणि आठ दिवस बा माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी फाट्यावर आणून सोडलं.

आता मी कोल्हापुरात एका प्रसूतिगृहात आया आहे. इथल्या बायका चिडवतात, "किती हळू बोलतीस गं, कुणी झोपलंय काय?" सवय झाडाखालची, त्यांना काय सांगणार! इथे कुणी फसलं की म्हणतात, चुना लावला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं?

वॉर्डात खाटेखाटेवर माहेरी आलेल्या लेकी असतात. त्यांच्या आईच्या हातचा मऊ भात डब्यातून येतो, तो मी ताटात वाढते. मलाही आठवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माझी आई लहानपणीच गेली, म्हणून वाडीतल्या शेजाऱ्याच्या मोबाइलवर फोन करून बालाच विचारलं, "बा, बाळंतपणाला येऊ?" तो खोकत राहिला. मग म्हणाला, "बाळंतिणीला ठेवाया हितं झाड ऱ्हायलं नाय." आणि फोन शेजाऱ्याला परत दिला.

मला राग येतो. जंगल मालकाने विकलं, तोडीची हजेरी बाच्याही नावावर लागत होती, पण त्याला पंजा तेवढा माझाच दिसतो. आणि तरी, ताटलीतली ती चव आठवली की त्याच्याशी भांडायला तोंड उघडत नाही.

चुन्याचा ठिपका बघून माणसं कोयता खाली ठेवायची, ते माझं घर. तुम्ही राहिलात तिथेही ते आता नाही. काल नवरा कामावर गेल्यावर त्याची घरी राहिलेली तंबाखूची डबी उघडली. दाराच्या चौकटीला एका बोटाचा, मुगाएवढा ठिपका लावावासा वाटला. बोट चुन्यापर्यंत गेलं. मग डबी बंद केली. माझी खूण बघून कोण येईल, याचा मला भरवसा नाही.