दहा नंबरांची पैज

अक्का गेल्या त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांशी पैज लावली होती. डॉक्टर म्हणाले, "आजी, गुरुवारी घरी सोडतो तुम्हाला." अक्कांनी नाकातली नळी जरा बाजूला केली आणि म्हणाल्या, "गुरुवारी न्हाय, शुक्रवारी. लावताय पैज?" मी कपाळाला हात लावला. छातीत कफ भरलेला, चार शब्द बोलल्या की धाप लागायची, आणि बाईंना पैज सुचत होती. डॉक्टर तरुण होते, हसून हो म्हणाले. बुधवारी दुपारी अक्का गेल्या... आता सहा आठवडे होतील. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "शेवटपर्यंत डोकं काय तल्लख होतं हो त्यांचं." होतं की. पण ते तल्लख ठेवण्यापायी आमच्या घरादाराचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. शिवाजी पेठेत आमचं तीन खोल्यांचं घर, दार थेट रस्त्यावर उघडणारं. त्यांनी उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. सुरुवातीच्या काळात पेठेतली माणसं नंबर सांगतच नसत म्हणे. "त्या भांडीवाल्याला जोडा," एवढं म्हणायची आणि अक्का जोडून द्यायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या निवृत्त झाल्या, तेव्हा मी आजऱ्याहून नुकतीच सून होऊन आले होते. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग जयसिंगपूरच्या त्यांच्या थोरल्या बहिणीला विसर पडायला लागला. एकदा अक्का तिला भेटायला गेल्या, तर तिने दारातच विचारलं, "कोण पावणं?" अक्का एसटीने परत आल्या, पाय धुतले, आणि चहा टाकायच्या आत मला म्हणाल्या, "वैशाली, आज दूधवाला सहाच्या आधी येतोय का नंतर? पैज लाव."

तिथून सुरू झालं ते तेरा-चौदा वर्षं. मी त्यांना शब्दकोडी आणून दिली, पत्ते आणून दिले. त्यांनी ती बाजूला सारली. म्हणाल्या, "कोडं चुकलं तर कुणाचं काय जातंय? पैज हरली की झोंबतं. झोंबलं की ध्यानात ऱ्हातंय." पैसा लावायचा नाही, हा त्यांचा नियम. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचं एक काम करायचं. ऐकायला हे छान वाटतं, पण अक्का हरायच्या कुठे? भाजीवाली कोणत्या दिवशी वांगी आणते, वरच्या मजल्यावरचे काका किती वाजता खोकतात, सगळं त्या आठवडाभर टिपून ठेवायच्या, कागदावर नव्हे, डोक्यात. फुटबॉलचा सीझन आला की पेठेच्या संघातली पोरं बसायची त्या तालमीच्या कट्ट्यावर जाऊन कुणाचा घोटा सुजलाय ते बघून यायच्या आणि मगच माझ्या नवऱ्याशी गोलांची पैज लावायच्या. त्याने त्या सीझनला घरातले सगळे पंखे पुसले. मी सकाळची शाळा शिकवून घरी यायची आणि हरलेल्या पैजेपायी माळा साफ करत बसायची.

आणि जागा-वेळेचं भान म्हणून नाही. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मंडळी आमच्या घरी आली होती. पोहे झाले, चहा फिरला. बहीण मान खाली घालून बसलेली. तेवढ्यात अक्का मुलाच्या मामाकडे वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमचा भाचा एकबी प्रश्न इचारायचा न्हाय बघा. लावता?" मामा गांगरले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मुलगा लाल झाला आणि म्हणाला, "मी हरलो तर काय करायचं?" बहीण फिस्सकन हसली. पुढे लग्न झालं, दोघं सुखात आहेत, पण मी महिनाभर अक्कांशी कामापुरतंच बोलले. त्यांचं आपलं एकच, "इचारला की न्हाय प्रश्न? म्हंजे मी हरलो. काय करू सांग." मी मुद्दाम काहीच सांगितलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी, गौरीच्या आधी, त्या एका सकाळी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "शेजारची सून म्हायेरास्नं परत आली. मी जिंकलो. चल, पितळेचे डबे घास." मी वैतागून म्हणाले, "अक्का, ही पैज गेल्या आठवड्यातच झाली. डबे घासूनही झाले. ते बघा फळीवर." त्यांनी फळीकडे पाहिलं. जवळ जाऊन एका डब्यावर बोट फिरवलं... आणि आत गेल्या. त्या दिवसापासून पैजा बंद झाल्या. घर शांत झालं. खरं सांगते, पहिले आठ दिवस मला बरं वाटलं. मग ती शांतता अंगावर यायला लागली. त्या खिडकीशी बसून राहायच्या. भाजीवाली येऊन जायची, त्या वळूनही बघायच्या नाहीत. नवरा म्हणाला, "वय झालं आता." मला त्याचाही राग आला.

शेवटी मीच म्हणाले, "अक्का, एक्स्चेंजमधले जुने दहा नंबर तुम्हाला आठवणार नाहीत. लावा पैज." त्या म्हणाल्या, "मी लावत न्हाय आता." मी म्हणाले, "म्हणजे आठवत नाहीत." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चपापलेच. आणि मग सुरू झाल्या, भांडीवाला, वैद्य, छापखाना, शाळेचे हेडमास्तर... दहा नंबर, डोळे मिटून. मी लिहून घेतले. आणि मग लक्षात आलं, बरोबर की चूक हे ठरवणार कसं? पुढचे पंधरा दिवस शाळा सुटली की मी पेठेतून आणि बाजारातून फिरत होते. कुठे जुन्या बिलावर नंबर मिळाला, कुठे दुकानाच्या रंग उडालेल्या पाटीवर, एका घरी तर जपून ठेवलेल्या लग्नपत्रिकेवर. नऊ बरोबर निघाले. दहावा एका गूळवाल्याचा. गूळवाल्याच्या मुलाने जुनी पावती शोधून दिली. शेवटचा आकडा चुकला होता.

मी घरी आले. अक्का लसूण सोलत होत्या. मी म्हणाले, "दहाही बरोबर. तुम्ही जिंकलात." त्यांचा हात थांबला.

"गूळवाल्याचा बघितलास?"

"बघितला."

"शेवटचा आकडा काय हुता?"

मी पिशवी खुंटीला अडकवायला वळले.

"त्यो मी मुद्दाम चुकवला हुता," त्या म्हणाल्या. "तू खरंच फिरतीस का, ते बघायला. फिरलीस. पण खोटं बोललीस. पैज तू हरलीस."

मी काय करायचं ते त्यांनी थांबत थांबत सांगितलं. रोज एक पैज लावायची. "आणि माझ्यावर दया करून मला जिंकवायचं न्हाय. हरलो तर तोंडावर सांगायचं."

आकडा त्यांनी खरंच मुद्दाम चुकवला होता की विसरल्या होत्या, ते मला आजही कळलेलं नाही. मी त्यानंतर शंभरदा विचार केला असेल. त्यांना विचारायचं धाडस मात्र झालं नाही. पुढची दोन वर्षं रोज पैज लागली आणि बहुतेक वेळा अक्का हरत गेल्या. "अक्का, हरलात," हे त्यांच्या तोंडावर सांगताना मी पुटपुटायची, तर त्या खेकसायच्या, "मोठ्यानं बोल की." मग कुरकुरत मेथी निवडत बसायच्या, दुसऱ्या दिवसाची पैज मनात जुळवत. पैजांमुळे त्यांचं डोकं टिकलं का, हे डॉक्टरांनाच ठाऊक. पण शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी मला दारात "कोण पावणं" असं कधी विचारलं नाही.

आता सकाळी भाकऱ्या थापताना मी ते दहा नंबर म्हणते. पाठ झालेत. भांडीवाला, वैद्य, छापखाना... नऊ नंबर सुरळीत होतात. गूळवाल्याचा मात्र मी पावतीवरचा म्हणत नाही, अक्कांनी सांगितला तोच म्हणते.