एकाच बाजूला साड्यांचं कुंपण

मंडळी, आज सकाळी तेलगावकडं गेलतो. रस्त्यात एका कापसाच्या रानाला जुन्या साड्यांचं कुंपण दिसलं. रानडुकरांसाठी आपण चारी बाजूंनी साड्या बांधतो. हितं मात्र एकच बाजू, आन् तीबी डोक्याहून उंच.

राहवलं न्हाई, गाडी थांबवली. कापूस वेचणाऱ्या मावशींना विचारलं, "डुकरं एकाच बाजूनं येतात का?"

"डुकरं कुठली, दादा? पल्याड गावाचा कचरा डेपो हाय. वारं सुटलं की कॅरीबॅगा उडून येतात, बोंडात अडकतात. कापसात प्लास्टिक निघालं की व्यापारी माल घेत न्हाई."

जवळ जाऊन बघितलं. साड्यांना पलीकडून पिशव्याच पिशव्या चिकटलेल्या. मावशी रोज संध्याकाळी त्या पोत्यात भरतात म्हणे.

"आन् पोतं कुठं टाकता?"

"डेपोतच की. दुसरी जागा कुठं हाय?" मावशी हसल्या. "सकाळी परत येतात. काई पिशव्या तर आता वळखीच्या झाल्यात."

तवापासून एकच डोक्यात हाय. कुंपण मावशींच्या रानाला हाय, डेपोला कावून न्हाई? तुमच्या गावच्या डेपोला हाय का? उद्या जरा बघून सांगा.