रिकामं भांडं परत कसं द्यायचं

आमच्या इमारतीत तिला सगळे घडीवाली म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती लग्नाआधीपासून चादरींच्या घड्या घालायची. धुलाईखाना म्हणजे इस्पितळाच्या मागच्या अंगाचं तळघर. भिंतीला लागून यंत्रं गरगरत असायची आणि मधोमध वाफेवर तापलेला लांबलचक रूळ. ओल्या चादरी एका बाजूने आत जायच्या, दुसऱ्या बाजूने कडकडीत होऊन बाहेर यायच्या. तिथे दोघी उभ्या. दोन टोकं हिच्याकडे, दोन समोरचीकडे. ओढायचं, झटकायचं, दुमडायचं, चालत जाऊन टोकाला टोक भिडवायचं, पुन्हा मागे यायचं. दिवसभर हेच. यंत्रांच्या आवाजात बोलायची सोय नव्हती, त्यामुळे बोलायची सवयही राहिली नाही.

पहिल्या वर्षी बोटांना फोड आले. मग फोड यायचे थांबले. पुढे बोटांच्या टोकांना काही कळायचंच बंद झालं. गॅसवरचं पातेलं ती फडक्याशिवाय उतरवते, बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. "भाजत नाही का गं?" असं विचारलं तर म्हणते, "भाजत असेल."

नवरा तापाने गेला तेव्हा ती रडली नाही, म्हणून लोक बोलले. मग बोलायचे थांबले. घरात ती आणि सासरे उरले. सासरे पूर्वी बस अड्ड्यावर गाड्या पुकारायचे. आता पायांनी दगा दिलाय, काठीशिवाय मोरीपर्यंतही जाता येत नाही, पण आवाज तसाच आहे. ते शिंकले तरी तिसऱ्या मजल्यावर कळतं.

एक दिवस ती भर दुपारी घरी आली. चपला काढून भिंतीला टेकून बसली.

"काय सूनबाई, सुट्टी?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपर्यंत?"

"माहीत नाही."

इस्पितळाने चादरी बाहेर धुवायला द्यायचं ठरवलं होतं. तळघराला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती काम शोधायला निघाली. लॉजवाल्यांकडे गेली, वसतिगृहात गेली. काय येतं म्हणून विचारलं की सांगायची, "घड्या घालता येतात." समोरचा पुढचं ऐकायला थांबायचा. पुढचं काही नसायचं.

आमच्याकडे कोणी कुणाला "तुमच्या घरी खायला नाही, हे घ्या" असं म्हणत नाही. म्हणतात, "अगं, आज जरा जास्तच झालं." समोरच्या दारातल्या मावशींकडे भात जास्त झाला. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडे डाळ जास्त झाली. मास्तरीणबाई एकट्या राहतात आणि मापून रांधतात, तरी झाली. डबे, वाट्या, झाकणाची पातेली जिन्याने वर चढू लागली.

तिने सगळं घेतलं. आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं. पहिली वाटी साखर घालून परत गेली. दुसरीत दोन लिंबं होती. मास्तरीणबाईंच्या डब्यात चमचाभर चहापत्ती, कागदाच्या पुडीत बांधलेली. एकदा नुसताच एक पांढरा रुमाल गेला, घडी अशी की उलगडायला मन होईना. त्यानंतर घरात घालण्यासारखं काही उरलं नाही. मग भांडी जायची थांबली. घासून, पुसून फळीवर पालथी बसून राहिली.

"सूनबाई, वाटी रिकामी दिलीस म्हणून कोणी फाशी नाही देणार," सासरे म्हणायचे.

"बरं दिसत नाही, बाबा."

"आणि मी मेलेला बरा दिसेन?"

ती त्यांच्या ताटलीत भात वाढायची, भातापेक्षा पाणीच जास्त. स्वतःचं काही नाही. "मला भूक नाही," म्हणायची, आणि ते खोटंही नसावं. पोटाचंही बोटांसारखंच झालं होतं.

खाली मात्र वेगळंच शिजत होतं. मास्तरीणबाईंच्या जिभेला हाड नाही. "माझा डबा गेला, झाकणाचं पातेलं गेलं. ही बाई भांडी गिळते की काय? दुकान काढेल एक दिवस!" ऐकणाऱ्या हसल्या. हसता हसता प्रत्येकीने आपापली फळी बघितली आणि कुणाकडेही काही जास्त व्हायचं बंद झालं. मावशी तेवढ्या दार वाजवत राहिल्या. आतून उत्तर यायचं, "नको मावशी, आत्ताच जेवलो."

त्यामागून सासऱ्यांचा आवाज. "कोण जेवलं?"

दार मात्र उघडायचं नाही.

मग एका दुपारी ती काम शोधायला गेली असताना म्हाताऱ्याने दार उघडलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एक भांडं. असं एकेक करून सगळी फळी त्यांनी जिन्याच्या चौकात आणून मांडली. मग धापा टाकत दारातल्या खुर्चीत बसले आणि बस अड्ड्यावरचा आवाज लावला.

"लक्ष द्या! तळमजल्याचा उभा डबा, सुटण्याच्या तयारीत आहे! समोरच्या घराची वाटी, चौकात लागलेली आहे! आपापल्या भांड्याजवळ ताबडतोब यावे!"

दारं उघडली. बायका पदराला, फडक्याला हात पुसत जमल्या. भांडी चकाकत होती.

"घ्या. सुनेनं घासून ठेवलीत. एकही गिळलेलं नाही," म्हातारे म्हणाले. "पण रिकामी आहेत हं. आधीच सांगतो."

मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला. "अहो, मग रिकामी दिली असती तर काय बिघडलं असतं? आम्ही काय परके?"

"तुम्ही दिली असती का?"

आमच्यापैकी कुणीच दिली नसती.

तेवढ्यात घडीवाली जिना चढून आली. चौकातली भांडी बघितली, सासऱ्यांकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली आणि वाकून एकेक भांडं उचलून ज्याचं त्याला देऊ लागली. कुठलं कुणाचं हे विचारावं लागलं नाही. प्रत्येकीला म्हणाली, "रिकामं आहे." मास्तरीणबाईंनाही तेवढंच. मग सासऱ्यांना दंडाला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं. रागाने आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी इमारतीत कुणाला धड जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी तिचं दार वाजवलं. हातात काही नव्हतं. "अगं, एक पातेलं दे ना तुझं. माझी सगळी अडकलीत."

मागायला आलेल्याला नाही कसं म्हणणार? दार उघडलं. तिने फळीवरून छोटं पातेलं काढून दिलं.

संध्याकाळी ते परत आलं. आत मऊ भात, वर डाळ.

"हे काय, मावशी?"

"मग? तुझं भांडं रिकामं परत कसं देऊ?"

ती पातेल्याकडे बघत राहिली. मावशींना वाटलं, आता दार मिटतंय. पण तिने हात पुढे केले आणि गरम पातेलं तसंच नुसत्या हातांनी धरलं.

ही युक्ती जिन्यातून खाली उतरायला वेळ लागला नाही. मास्तरीणबाईंना अचानक कढई कमी पडू लागली. वरच्या मजल्यावर पाहुण्यांची रीघ लागली म्हणे, एकही पाहुणा कुणी पाहिला नाही. "आपली भांडी हल्ली फार फिरायला जातात," सासरे म्हणायचे. "आज चहा कशात? बादलीत?" त्यांच्या गालांवर जरा मांस आलं.

तिला कळत होतं का? कळतच असणार. पण द्यायची ते नेहमी ते छोटं पातेलं, एका माणसापुरतं. संध्याकाळी ते सासऱ्यांपुढे रितं करायची आणि ते जेवेपर्यंत समोर बसायची. त्यांनी घास पुढे केला तर मान हलवायची. तिचं पोलकं खांद्यावरून ओघळायला लागलं होतं. एकदा जिन्यात मधेच खाली बसली. मावशींनी धावत जाऊन धरलं तर म्हणाली, "पाय घसरला." पायरी कोरडी होती.

मावशींनी पाणी दिलं, पण उपदेश केला नाही. "उद्या मला पातेलं लागेल गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. ती फळीपुढे उभी राहिली. छोट्या पातेल्यावर हात ठेवला, काढला. मग खाली वाकून ओट्याखालचं मोठं पातेलं ओढून काढलं. बरेच दिवस वापरात नसलेलं. पदराने पुसलं.

"हे न्या," म्हणाली.

"हे?"

"दोघं आहोत ना." आवाजात काही नव्हतं, वेळ सांगावी तसं म्हणाली.

मावशींनी पातेलं कमरेवर घेतलं. दार लागल्यावर पातेल्यात डोकावून बघितलं. एवढं भरायचं तर त्यांच्या घरातले तांदूळ पुरणार नव्हते. त्या तशाच जिना उतरल्या आणि मास्तरीणबाईंची कडी वाजवली.