नवखे आधी, जुने मागून

दोस्तहो, आज मी मनात धरलेला जुना राग काढला.

सौंसरला पहिल्यांदा पूल खेळायला गेले, तेव्हा क्लबवाल्या भाऊंनी माझ्या हातून स्टिक काढून घेतली होती. "राहू द्या बाई, टेबलाचं कापड फाडसान." सारे हसले.

आता पांढुर्ण्यात माझा स्वतःचा क्लब आहे. इथे नवखे आधी खेळतात, जुने मागून. म्हणूनच नवे लोक येतात.

आज दुपारी तेच भाऊ आले. "आमचा टेबल रिकामा पडून राहिला जी. थोडे लोक पाठवा ना."

"आधी इथे एक डाव खेळा. पण रांगेनं, जुने मागून."

टेबलावर एक नवख्या काकू खेळत होत्या, शिवणकाम करणाऱ्या, सारख्या चुकत होत्या. भाऊ तासभर उभे. मी मुद्दाम म्हटलं, "सावकाश खेळा काकू, कोणालाच घाई नाही."

भाऊंकडे मी एकालाही पाठवणार नाही. तुम्ही पाठवलं असतं?